बाबांचं माप

ताईच्या लग्नासाठी बाबांना जोधपुरी कोट हवा होता. पुण्यात बसून मी ॲपवर सरळ ४२ टाकलं. माझ्या डोक्यात बाबा कायम ४२च. गडचिरोलीला पार्सल उघडलं, तर खांदे दंडावर उतरलेले.

टेलरकाकांनी टेप लावला. छाती ३७.

‘‘छाती आत घेता येते बाबू, खांदा उसवला का बाही, कॉलर सगळंच हालते. कोट खांद्यावरून घ्यावा लागते.’’

व्हिडिओ कॉलवर बाबांचं फक्त कपाळ दिसायचं. आजारपणात ते इतके वाळले, हे आईनंही सांगितलं नव्हतं.

कोट सात दिवसांत परत करायचा होता. बाबा म्हणाले, ‘‘राहू दे. डिसेंबरपर्यंत भरून येतो मी.’’

साइज चार्टमधलं माप अंगाचं की कपड्याचं, हे यावेळी नीट वाचून मी ३८ही मागवला. त्यांना न सांगता.