तुझ्या अँटीबॉडीज आणि ऋताचं बाळ

चि. निखिल,


काल फोनवर बसलेल्या आवाजात मला ऐकवतोस, "आत्या, आरएसव्ही मला लहानपणीच होऊन गेला असणार, अँटीबॉडीज आहेत. बारशाला ऋताचं बाळ मांडीवर घेतलं तर काय बिघडलं?" इंजिनिअर झालास म्हणून डॉक्टरीण आत्याला शिकवायचं?

अँटीबॉडीज आहेत, कबूल. दोन वर्षांचं होईतो जवळजवळ प्रत्येक मुलाला हा श्वसनमार्गाचा विषाणू गाठतोच. पण गोवरासारखा तो एकदाच येऊन पाठ सोडत नाही. अमेरिकेत रॉचेस्टरला कॅरोलिन हॉल यांनी नैसर्गिक लागण होऊन गेलेल्या 15 प्रौढांच्या नाकात त्याच गटातला विषाणू मुद्दाम पुन्हा सोडला. दोन महिन्यांतच निम्म्यांना परत लागण! 1991 सालचा निबंध आहे. ज्यांच्या अँटीबॉडीज जास्त, त्यांना धोका कमी होता. पण तेही पुरते सुटले नाहीत. पहारेकरी माजघरात आणि चोर दिंडीतून आत, असा प्रकार. रक्तातल्या अँटीबॉडीज तुझी फुप्फुसं बऱ्यापैकी राखतील, पण नाकातलं संरक्षण लवकर ओसरतं. तुला नुसती सर्दी. तुझ्या हाताला, रुमालाला मात्र विषाणू.

मुळात आपल्याकडे सर्दीला कुणी आजारच मानत नाही. लग्न, मुंज, बारसं, सगळीकडे नाक ओढत हजर, वर बाळाचे मुके! तुझ्या बारशाला मी सर्दी झालेल्या नानांना ओटीवरच बसवलं होतं. केवढं रामायण झालं! वहिनी तर दिवाळीपर्यंत धड बोलल्या नाहीत. आजही तेच करीन.

ऋताचं बाळ महिनाभर आधी आलंय रे. आईच्या अँटीबॉडीज वारेतून बाळाकडे उतरतात त्या मुख्यतः शेवटच्या आठवड्यांत. याच्या वाट्याला किती आल्या असतील? आता अमेरिकेत गरोदरपणाच्या 32 ते 36 आठवड्यांत आईला लस देतात, 2023 पासून. ऋताला ती मिळालेली नाही. एवढ्याशा जिवाच्या श्वासनलिका केवढ्या! थोडी सूज, थोडा चिकटा, की दूध ओढताना धाप लागते.

तेव्हा तू बारशाला येऊ नकोस. बाळासाठीची कुंची कुरिअरने पाठव. रविवारी तू तिथे जाऊन आलास म्हणे, तेव्हाच घसा खवखवत होता का? आजच कळव. आणि ऋताला सांग, बाळ दूध अर्धवट सोडत असेल, श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल किंवा मध्येच श्वास थांबतोय असं वाटलं, तर माझ्या फोनची वाट न बघता थेट दवाखाना गाठायचा.

तुझी,
आत्या