तीन डिस्कांचा जमाखर्च

२०१४ सालच्या एप्रिल महिन्यातील ही गोष्ट. आमच्या भुसार मालाच्या पेढीवर जुना संगणक होता. त्यावरील विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिलला संपणार, हे ठाऊक असूनही नवा संगणक घेणे मी पुढे ढकलीत होतो. महिनाअखेरीस एके सकाळी तो सुरूच होईना. मार्चअखेरचे हिशेब आणि गावोगावची उधारी त्याच्याच पोटात होती. दुसरी प्रत दिवाळीनंतर काढलेली नव्हती. वडील असते तर त्यांनी आधी तेच विचारले असते.

पुण्याचा पुतण्या फोनवर म्हणाला, "काका, घाबरू नका. उबुंटूची डिस्क तयार करा. ती संगणकात न बसवताही डिस्कवरूनच चालवता येते. आतला हिशेब पेन ड्राइव्हवर काढून घेऊ." १७ एप्रिललाच तिची १४.०४ ही आवृत्ती आली होती. फाइल ७०० एमबीच्या सीडीत मावणारी नव्हती, म्हणून दुकानातील मुलाकडून कोरी डीव्हीडी मागवली आणि घरच्या लॅपटॉपवर ती फाइल मी स्वतः डिस्कवर उतरवली.

पेढीवर डिस्क घातली. काही घडले नाही. पुतण्याच्या सांगण्यावरून बायोसमध्ये जाऊन बूटचा क्रम बदलला. आधी हार्ड डिस्क होती, तिच्या जागी डीव्हीडी आणली. तरीही पडदा काळाच. माझा संयम सुटला. गिऱ्हाइकांसमोर मी त्या मुलाला म्हणालो, "चार पैसे वाचवायला भिकार माल उचलून आणलास!" तो काही बोलला नाही. दुपारी त्याने चांगल्यापैकी दुसरी डिस्क माझ्यापुढे ठेवली. मीही किंमत विचारली नाही. तीही चालली नाही.

रात्री पुतण्याने एकच प्रश्न विचारला, "काका, लॅपटॉपवर ती डिस्क उघडली की आत काय दिसते?"

"काय दिसणार? आपण घातलेली फाइल."

"एकच?"

"एकच."

तो हसला नाही, हे त्याचे मोठेपण. त्याने समजावले, की आयएसओ फाइल म्हणजे संपूर्ण डिस्कची बांधलेली प्रतिमा. ती नुसती कॉपी केली, तर सीलबंद गठडी तशीच फळीवर ठेवल्यासारखे होते. 'इमेज बर्न' केली, की ती उलगडते, अनेक फोल्डर दिसतात आणि संगणकाला सुरुवात कोठून करायची ते सांगणारा भाग योग्य जागी बसतो. दोन्ही डिस्का निर्दोष होत्या. चूक माझ्या हातची होती.

तिसऱ्या वेळी घाई केली नाही. उतरवलेली फाइल शाबूत आहे का, हे पाहण्यासाठी तिची एमडी५ बेरीज काढली. बत्तीस अक्षरांची ती ओळ मी वाचली आणि आमच्या वृद्ध दिवाणजींनी कागदावर उतरवलेल्या मूळ ओळीशी बोट ठेवून ताडून पाहिली. फाइलमध्ये एका बाइटचा फरक पडला तरी जवळजवळ सगळी ओळ बदलते, हे ऐकून ते म्हणाले, "शेठ, आपल्या ताळेबंदात दोन चुका एकमेकींना झाकतात. इथे ती सोय नाही." ओळ जुळली. कमी वेगाने डिस्क लिहिली. पेढीवर या वेळी पडदा उजळला. 'इन्स्टॉल'चा पर्याय सोडून 'ट्राय' निवडला आणि जुन्या हार्ड डिस्कमधील हिशेबाचे फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतले. उधारीची शेवटची नोंद दिसली, तेव्हा दिवाणजींनी चष्मा पुसला.

मग मी मुलाला बोलावले आणि दुसऱ्या डिस्कचे पैसे कोणी दिले ते विचारले. "मीच, शेठ," तो खाली पाहत म्हणाला. ज्या गिऱ्हाइकांसमोर त्याला बोललो होतो, ती त्या वेळी नव्हती. म्हणून बाजाराच्या दिवसाची वाट पाहिली आणि त्यांच्यादेखत सांगितले, की माल चांगला होता, वापरणारा चुकला. त्याचे पैसे परत केले.

आता दर शनिवारी हिशेबाच्या दोन प्रती निघतात. एक पेढीवर, एक घरी. त्या काढण्याचे काम तोच मुलगा करतो. त्या दिवशी रोजमेळ लिहिताना दिवाणजींनी विचारले होते, "वाया गेलेल्या दोन डिस्का कोणत्या खात्यावर टाकू? दुकानखर्च?"

मी म्हणालो, "नको. मालकाची उचल लिहा."