यूज्ड टू

2011 साली बेळगावच्या उद्यमबागेत एका फौंड्रीत इंटरव्ह्यूला गेलो होतो. त्याआधी सलग तीन हंगाम साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर रात्रपाळी केलेली. बाहेर उसाच्या ट्रॉल्यांची रांग, आत मफलर गुंडाळून पावत्या फाडत बसलेला मी. त्यामुळे साहेबांनी इंग्रजीत रात्रपाळीचं विचारलं तसं मी छाती काढून बोललो, "येस सर, आय यूज्ड टू वर्क ॲट नाईट."

"देन व्हाय डिड यू स्टॉप?"

मी कुठं थांबलो होतो? "नो स्टॉप सर, एव्हरी सीझन," म्हणालो. साहेब हसले नाहीत. कागदावर काहीतरी खरडलं आणि पुढच्याला बोलावलं.

संकेश्वरात परतल्यावर गल्लीतल्या निवृत्त गुरुजींना सगळं सांगितलं. त्यांनी व्याकरणाचं पुस्तक काढलं नाही. म्हणाले, "कानडीत सांग बघू, मी रात्री काम करायचो." मी म्हटलं, "माडतिद्दे." "आता, मला सवय आहे." "माडि रूढी ऐति." "मग? मराठीत दोन, कानडीत दोन. इंग्रजीतच तेवढं एकात कसं उरकलंस?"

मी बोललो होतो ते 'करायचो', म्हणजे आता करत नाही. सवय सांगायची तर मध्ये 'ॲम' हवा आणि पुढं 'वर्किंग': आय ॲम यूज्ड टू वर्किंग ॲट नाईट. हे 'इंग' माझ्या डोक्यात शिरेना. तेव्हा गुरुजी म्हणाले, "हा 'टू' म्हणजे आपला 'ला' रे. काम करण्याला सरावलोय. 'कर'ला सरावलोय म्हणतोस काय?" शाळेत दहा वर्षं इंग्रजी शिकलो, पण हा 'ला' कुणी दाखवला नव्हता. उच्चारही चुकतच होता. वापरलं म्हणताना 'यूझ्ड', पण या दोन्ही ठिकाणी 'यूस्टू', झ नाहीच.

पुढचा सगळा हंगाम काट्यावर तेच घोकलं. आय यूज्ड टू फिअर डॉग्ज. आय ॲम यूज्ड टू डॉग्ज. कुत्री काट्याखालीच झोपायची, त्यामुळे उदाहरणं शोधायला लांब जावं लागलं नाही.

वर्षभरानं पुन्हा उद्यमबाग, फौंड्री दुसरी. वाक्य ओठावर तयार. समोरच्या साहेबांनी अर्जावर संकेश्वर वाचलं आणि चष्म्यावरून बघत विचारलं, "रात्री पाळी माडतीरेनु?"

"रूढी ऐत्री, सर."