खटकेबाज

हे गृहस्थ भेटले की लगेच काही कापायला देऊ नका, अपमान वाटतो. आधी उघडू द्यावं. टायटॅनियमच्या मुठीच्या पाठीवर पात्याचं एक शेपूट बाहेर डोकावत असतं, तोच फ्लिपर. तर्जनीनं ते दाबलं की पातं गर्रकन फिरून खट्ट अडकतं. इथे 'वा!' म्हणायचं असतं. मालक तुमच्या तोंडाकडे बघत असतो आणि माझा संशय आहे, चाकूही. शेकडो डॉलर मोजून आणलेल्या या स्वारीच्या वाट्याला एरवी कुरिअरची पाकिटं येतात. उघडझाप मात्र दिवसभर.

सिनेमातल्या बटणवाल्या खटक्याच्या चाकूशी नातं विचारलंत, तर हा कानावर हात ठेवतो. त्याला स्प्रिंग लागते, मला फक्त बोट, असा तोरा! तोरा वकिली आहे. अमेरिकेत 1958च्या कायद्यानं बटणाच्या चाकूंचा आंतरराज्य व्यापार बंद केला. 2009च्या दुरुस्तीनं मात्र ज्याच्या रचनेचा कल मिटलेलं राहण्याकडे आहे आणि ज्याच्या पात्याला हातानं जोर लावावा लागतो, त्याला वगळलं. शेपूट पात्याचाच भाग, त्यामुळे ते दाबणं म्हणजे पात्यालाच जोर लावणं. बाकी राज्याराज्यांचे नियम वेगळे आणि तिथल्या विमानाच्या केबिनमध्ये तर याला थाराच नाही.

याचा सगळा स्वभाव एका मोहरीएवढ्या गोळीत आहे. मुठीचीच एक बाजू चिरून केलेली, उघडं पातं अडवून धरणारी लवचीक पट्टी म्हणजे लॉकबार. तिच्यात ही गोळी बसवलेली असते आणि मिटलेल्या पात्यातल्या खड्ड्यात ती रुतते. ती आधी नाही म्हणते. बोटाचा जोर साठत जातो, मग गोळी एकदम सुटते आणि साठलेला सगळा जोर पात्याला मिळतो. खड्डा उथळ पडला तर पातं पेंगत अर्ध्यावर येऊन थांबतं. खोल पडला तर तर्जनी हुळहुळते. या दोहोंमधलं अंतर डोळ्याला दिसणारंही नाही, पण पैसे मोजायचे ते त्याचेच.

शिवाय त्याला कसं धरता यावर मर्जी अवलंबून. दुसऱ्याच्या हातात दिला की हमखास अडून बसतो, कारण पाहुणा मूठ घट्ट आवळतो. बोटं लॉकबारवर पडतात, गोळी आणखी रुतते. मालक म्हणतो, "अहो, मागची बोटं सैल सोडा." पाहुणा ती सैल सोडतो आणि त्याच नादात तर्जनीही सैल सोडतो. पुन्हा काही नाही.

घराण्यात सगळे सारखे नाहीत. रशियाचे शिरोगोरोव लाडावलेले. त्यांच्या सांध्यात बेअरिंगच्या गोळ्या एकाआड एक वर्तुळांत अशा मांडतात, की प्रत्येक ओळीला आपापली वाट मिळावी. त्यांचा फ्लिपर 95 हातात घेतला की तो इतक्या सहज उघडतो, की कौशल्य आपलंच आहे असं वाटायला लागतं. खुशामत करण्यात याचा हात कुणी धरणार नाही.

ओहायोचा एक्सएम-18 तुमची अशी मुळीच खुशामत करणार नाही. त्याचा जनक रिक हिंडरर अग्निशमन दलात काम केलेला माणूस. चाकूही हेल्मेट घालूनच जन्मल्यासारखा. वॉशरवर बसवलेला असला, की नवा असताना कुरकुरतो आणि रुळायला वेळ घेतो. पातं असं जाड, की सफरचंदाच्या फोडी कमी, फाळणी जास्त. याच हिंडररनं आखलेला झीरो टॉलरन्स कंपनीचा 0560 बेअरिंगवर आला आणि एकदम चपळ झाला. पुढे हिंडररनंही असा सांधा काढला, की वॉशर हवेत की बेअरिंग, ते मालकानं ठरवावं. मला वॉशरवालाच आवडतो. शिरोगोरोवचा होकार गृहीत धरता येतो. याचा मिळवावा लागतो.

आयडाहोच्या क्रिस रीव्हचा सेबेन्झा या मंडळींचा काका. मूळ रूपात त्याला शेपूटच नाही. अंगठ्यानं उघडायचा, तोही त्याच्या गतीनं, फॉस्फर ब्राँझच्या वॉशरवरून सावकाश सरकत. पुतण्यांच्या मुठीतलं ते लॉकबारचं लॉक मुळात या घरचं, पण काका कधी बोलून दाखवत नाही. सांध्याचा स्क्रू बिनधास्त पूर्ण आवळा, चाल बदलत नाही. पुतण्यांचा स्क्रू मात्र केसभर जास्त फिरला की पातं जड, कमी फिरला की डुगडुगणारं. म्हणून मालकाच्या टेबलावर तेलाची बाटली आणि स्क्रू ड्रायव्हर मांडलेलेच. खिशातला कापूस बेअरिंगमध्ये गेला की शस्त्रक्रिया.

काहींची लॉकबार उघड्या पात्याला अशी चिकटते, की मिटवताना अंगठा दुखतो. टायटॅनियम आणि पोलाद एकमेकांना सोडत नाहीत. यावर हौशी लोकांचा उतारा म्हणजे तिथे शिसपेन्सिल घासायची. इतक्या महागाच्या चाकूला शाळकरी औषध!

मिटताना मात्र हा सांभाळून घेतो. लॉक सोडलं की चांगल्या चालीचं पातं स्वतःच्या वजनानंच खाली येतं. वाटेत बेसावध तर्जनी राहिलीच, तर तिला आधी शेपटाचा टोला बसतो. धार मागेच थांबते, तुम्ही बोट काढून घेईपर्यंत.