आवाज कधी येतो

जुनी जीप मागून आवाज करू लागली की जो तो खाली वाकून आवाज कुठून येतो ते शोधू लागतो. पण लोखंडी चासीत आवाज निघतो एकीकडे आणि ऐकू येतो भलतीकडे. शाफ्टच्या क्रॉसची खडखड बाकाखाली ऐकू येते, चाकाच्या बेअरिंगची घरघर डिफरन्शियलमधून आल्यासारखी वाटते. गडहिंग्लजच्या आमच्या मिस्त्रीमामांचा प्रश्न वेगळा असे. "पोरी, कुठनं येतोय ते माझं मी बघतो. तू कवा येतोय ते सांग."

मला ते सांगता येई, कारण मागच्या बाकावर, बरोबर एक्सलच्या वर, माझी जागा ठरलेली होती. आबा गुरांचे डॉक्टर. आजरा-चंदगडच्या वाड्यावस्त्यांवर पावसाळ्यात जीपशिवाय दुसरं काही पोचत नसे. त्यांची जीप महिंद्राची सीजे-३बी. विलिसने १९५३ मध्ये अमेरिकेत आणलेलं हे उंच बॉनेटचं मॉडेल आपल्याकडे पुढे कितीतरी वर्षं बनत राहिलं. तिच्या मागच्या एक्सलच्या मधोमध लोखंडी गोळा दिसतो, त्यालाच सगळे डिफरन्शियल म्हणतात. त्यात दोन दंतचक्रं, चाकांकडचा मोठा क्राउन आणि शाफ्टकडचा छोटा पिनियन. पिनियनला ८ दात, क्राउनला ४३. म्हणजे चाक एकदा फिरतं तेवढ्यात शाफ्ट सव्वापाचाहून जास्त वेळा फिरतो. एवढा हिशोब कळला की अर्धं निदान हाती येतं. पिनियनचं बेअरिंग शाफ्टच्या वेगाने फिरतं, म्हणून ते झिजलं की आवाज बारीक आणि चढा येतो. क्राउनच्या दोन्ही बाजूंची बेअरिंगं चाकाच्या वेगाने फिरतात, त्यांचा सूर खालचा, घरघरीचा. चाकाच्या फेऱ्याला एकदाच 'टक्' झालं तर क्राउनचा दात गेला समजायचं. तेच टकटक भराभर येत असेल तर पिनियनचा.

क्राउनच्या पोटात आणखी चार छोटी दंतचक्रं असतात, आणि खरं डिफरन्शियल तीच. मामांनी ती मला बैलगाडीवरून समजावली. गाडी वळते तेव्हा बाहेरचं चाक जास्त चालतं, आतलं कमी, आणि दोन्ही आपापली सुटी फिरतात म्हणून काही अडत नाही. जीपमध्ये दोन्ही चाकांना एकच इंजिन फिरवतं, तरीही प्रत्येकाला आपापल्या चालीने जाऊ देणं हे त्या चार चक्रांचं काम. सरळ रस्त्यावर ती एकमेकांवर फिरतच नाहीत. म्हणून फक्त वळणावर कुरकुर आली तर संशय त्यांच्यावर घ्यायचा, क्राउन-पिनियनवर नाही. मला ही रचना तेव्हाही सुंदर वाटली, आजही वाटते. कोल्हापूरला कॉलेजात असताना वाचनात आलं की फ्रान्समधल्या ओनेसिफोर पेकरने १८२८ मध्ये वाफेच्या गाडीसाठी तिचं पेटंट घेतलं होतं. आबांच्या जीपपर्यंत मूळ तत्त्वात काही बदललं नव्हतं.

तपासणीसाठी आंबोलीचा घाट होताच. सावंतवाडीकडून चढताना इंजिन चाकांना ओढतं, तेव्हा दातांची एक बाजू दाबली जाते. उतरताना गाडी गिअरमध्ये ठेवून गॅस सोडला की चाकं इंजिनाला ओढू लागतात आणि तेच दात दुसऱ्या बाजूने भिडतात. चढावर सूर आणि उतारावर गप्प, तर ओढीची बाजू झिजलेली किंवा दातांची बसणी बिघडलेली. गॅस सोडल्यावरच सूर लागला तर पिनियन सैल झाल्याची शंका. दोन्हीकडे सारखाच असेल तर बहुधा बेअरिंग. आणि डांबर संपून मातीचा रस्ता लागताच आवाज बदलला, तर तो टायरांचा. जाड नक्षीचे टायर डांबरावर डिफरन्शियलसारखेच गातात. त्यापायी चांगले क्राउन-पिनियन उगाच उघडले जातात, याचा मला मनापासून त्रास होतो. उघडलेली बसणी पुन्हा तशीच बसवणारा हात सगळीकडे मिळत नाही.

तो हात मी मामांचा पाहिला. क्राउन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीने तयार होतात, म्हणून त्यांतलं एकटं कधी बदलायचं नाही. मामा तेलात कालवलेला शेंदूर दातांना लावत आणि क्राउन हाताने फिरवत. जिथे शेंदूर पुसला गेला तिथे दात भिडतोय. ठसा दाताच्या मधोमध यायला हवा. मुळाकडे सरकला तर पिनियन जास्त आत गेलाय, शेंड्याकडे गेला तर बाहेर राहिलाय. मग सगळं उतरवायचं, कागदासारखी पातळ शिम काढायची किंवा घालायची, बेअरिंग दाबून बसवायचं, आणि पुन्हा शेंदूर. दातांमधली मोकळीक ठेवायची ५ ते ९ हजारांश इंच. दुपारची संध्याकाळ होई. आबा शेजारी स्टुलावर बसून असत, पण त्यांनी कधी घाई केली नाही.

पावसाळा सरला की तेल बघायचं, हा घरचा नेम. या डिफरन्शियलमध्ये नव्वद नंबरचं तेल मावतं जेमतेम सव्वा लिटर. तापलेली जीप ओढ्यात घातली की एक्सल एकदम निवतो, आतली हवा आकसते, आणि वरचा ब्रीदर चिखलाने बुजलेला असेल तर पाणी ऑइल सीलच्या कडेने आत खेचलं जातं. मग तेल दुधाळ निघतं. बोटाला राखाडी, पिठासारखं लोखंड लागलं तर काळजी नाही, ती वयाची झीज. चकाकत्या कपऱ्या निघाल्या तर मात्र गाडी तिथेच उभी करायची.

आबा गेल्यावर जीप माझ्याकडे आली. गेल्या पावसाळ्याआधी मागून घरघर सुरू झाली. मामाही आता नाहीत. विचारलं तिथे उत्तर एकच मिळालं, "क्राउन गेला." भाचीला घेऊन मी मोकळ्या रस्त्यावर गेले. चढावर, उतारावर, गॅस देऊन, सोडून, कशानेच फरक पडेना. म्हणजे दात नव्हते. मग गाडी नागमोडी चालवली. डावीकडे वळवली की भार उजव्या चाकावर जातो, आणि घरघर नेमकी तेव्हाच वाढत होती.

घरी येऊन उजवं चाक जॅकवर घेतलं, पण आधी बाकीच्या चाकांना दगड लावले. या जीपचा हँडब्रेक चाकांना धरत नाही, शाफ्टला धरतो. एक मागचं चाक उचललं की तेच डिफरन्शियल दुसऱ्या चाकाला मोकळं सोडतं आणि ब्रेक ओढलेला असूनही गाडी घरंगळू शकते. भाचीला हे नीट समजावलं, मगच तिच्या हाती पाना दिला. हब पुलरशिवाय निघत नाही. पुलर मामांच्या मुलाने आणून दिला आणि स्वतःही थांबला. बेअरिंगच्या रोलरांवर खड्डे पडले होते. नवं बेअरिंग आणि सील कोल्हापुरात उद्यमनगरात मिळालं. डिफरन्शियलचं मागचं झाकण काढून आम्ही दातांना शेंदूर लावून पाहिला. ठसा मधोमध होता, मामांनी ठेवला होता तसा. आतलं काहीच हलवलं नाही. झाकण बसवलं, ताजं तेल भरलं, ब्रीदर साफ केला, आणि दुसऱ्या दिवशी भाची जीप घेऊन चंदगडला गेली.