पायथ्याशी थांबलेल्यांची यात्रा

कुटुंबासह केलेल्या प्रवासात एखादे ठिकाण पाहून झाले असे केव्हा म्हणावे, याचा निकष अष्टविनायक यात्रेत स्पष्ट आहे, तरी तो अपुरा पडतो. मोरगावच्या मयूरेश्वरापासून निघून, उरलेली सात स्थाने पाहून पुन्हा मोरगावी परतल्यावरच यात्रा पूर्ण होते, असा परंपरेचा संकेत आहे. मोटारीने जाणारी बहुतेक कुटुंबे मात्र सोयीचा क्रम धरतात, आणि त्यात काही उणे मानू नये. खरी अडचण लेण्याद्रीला येते. जुन्नरजवळच्या बौद्ध लेणीसमूहातील सातव्या लेण्यात असलेल्या या गणपतीपर्यंत सुमारे ३०० पायऱ्या चढाव्या लागतात, आणि गुडघे थकलेली आजी पायथ्याशीच थांबते. तिचे लेण्याद्री झाले की नाही? पंढरपुरात कळसदर्शनाने, म्हणजे गाभाऱ्यात न जाता शिखरालाच हात जोडून, कित्येक वारकरी वारी पूर्ण झाली असे मानतात. तोच न्याय येथे लावावा, कारण डोंगराकडे तासभर पाहत बसलेल्या त्या वृद्धेने, धावत वर जाऊन छायाचित्र काढून उतरलेल्या नातवापेक्षा, ते स्थळ अधिक पाहिलेले असते. पुणे-नगर रस्त्यावरून जाताना रांजणगावच्या महागणपतीला गाडीतूनच केलेला नमस्कार मात्र भेटीत धरता येत नाही, कारण तेथे थांबणे शक्य असूनही कोणी थांबलेले नसते.