रात्री किती झाल्या?

डिसेंबर आला की आम्ही फिरस्ते लोक एक हिशोब हमखास मांडतो. रात्री किती झाल्या? म्हणजे वर्षभरात एकाच साखळीच्या हॉटेलांत किती रात्री झोपलो. ज्यांना या भानगडीतलं काही ठाऊक नाही (आमचे झाडून सगळे नातेवाईक त्यातच येतात) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मॅरियटवाल्यांचं उदाहरण घ्या. वर्षाला १० रात्री झाल्या की सिल्व्हर, २५ झाल्या की गोल्ड, ५० ला प्लॅटिनम, ७५ ला टायटॅनियम. त्याच्याही वर १०० रात्री आणि शिवाय २३ हजार डॉलरचा खर्च झाला की अँबॅसडर. तिथपर्यंत पोचलेल्या माणसाला घर असतं की नाही, मला शंका आहे :-)

आणि एक जानेवारीला आकडा परत शून्य. मिळालेलं पद पुढचं वर्षभर चालतं, त्यानंतरच्या फेब्रुवारीत संपतं. २०२० मध्ये सगळं जग घरी बसलं तेव्हा या कंपन्यांनी सगळ्यांची पदं आपणहून वाढवून दिली होती. एरवी दया नाही.

हे खूळ तसं फार जुनं नाही. अमेरिकन एअरलाइन्सनं १९८१ मध्ये विमानप्रवासाच्या मैलांचा हिशोब ठेवायला सुरुवात केली. १९८३ मध्ये हॉलिडे इन आणि मॅरियटनं तेच हॉटेलांत आणलं, १९८७ मध्ये हिल्टननं. आता बॉनव्हॉय म्हणून जे चालतं ते तीन जुन्या योजना एकत्र करून २०१९ मध्ये ठेवलेलं नाव. 'अप इन द एअर' (२००९) पाहिलाय का कुणी? त्यात जॉर्ज क्लूनी आणि ती बाई हॉटेलच्या बारमध्ये एकमेकांना आपापली कार्डं दाखवतात. लहानपणी आम्ही काडेपेटीचे छाप दाखवायचो, अगदी तसं. लोक हसतात त्या प्रसंगाला. मी नाही हसलो. मला तो माहितीपट वाटला.

तर मंडळी, विषय आहे चेक-इनचा. पंप बसवायच्या कामानं मी वीसेक वर्षं फिरतोय आणि हॉटेलच्या काउंटरपाशी उभं राहून माणसं बघणं हा माझा छंद आहे. पदवाला माणूस दारातून आत आला की ओळखू येतो. तो इकडेतिकडे बघत नाही. झुंबराकडे तर नाहीच नाही. बॅग हमाली करणाऱ्या पोराच्या हातात देत नाही, चाकांवर स्वतःच ओढत आणतो. पाकिटातून आधार कार्ड काढतो आणि त्याच्याबरोबर न मागता दुसरं कार्डही. हल्ली कार्ड नसतं, मग फोनवर ॲप उघडून पडदा समोरच्याच्या बाजूला फिरवून ठेवतो. बोलत काही नाही. काउंटरवरच्या पोरीनं ते आपणहून वाचावं आणि 'वेलकम बॅक सर' म्हणावं अशी अपेक्षा असते. तिनं नाही म्हटलं तर तो हळूच विचारतो, "कुठली रूम दिलीय?" या प्रश्नाचा खरा अर्थ 'वरची दिलीय ना?' असा असतो.

दुसरी जात आहे सकाळी दहाला येणाऱ्यांची. चेक-इन दुपारी दोन किंवा तीनला असतं हे त्यांना पाठ असतं, तरी "काहीतरी बघा ना" म्हणून उभे. तिसरे जातात ते थेट लाउंजमध्ये, तिथे बसून सही करतात, कारण रांगेत उभं राहणं हा त्यांना पदाचा अपमान वाटतो. ॲपवरून घरूनच चेक-इन करणारेही आहेत, पण आपल्याकडे ओळखपत्र दाखवायला काउंटरवर यावंच लागतं. परदेशी पाहुणा असेल तर त्याची माहिती हॉटेलनं चोवीस तासांत सरकारला पाठवायची असते. तिथे प्लॅटिनम चालत नाही.

मी यातला कोण? पहिल्या जातीतला. फोन फिरवून ठेवणारा.

आता काउंटरच्या पलीकडची बाजू. माझी भाची, बहिणीची धाकटी, हॉटेल मॅनेजमेंट करून पुण्यातल्या एका मोठ्या हॉटेलात फ्रंट ऑफिसला आहे. गेल्या दिवाळीत वरव्याला आली होती तेव्हा ओट्यावर बसून मी तिला सगळं खोदून खोदून विचारलं. तिनं सांगितलं ते असं. सकाळच्या पाळीला आल्याबरोबर आज कोण कोण येणार त्याची यादी बघायची. पदवाल्यांच्या खोल्या आधीच नेमून ठेवायच्या, आधी सगळ्यात वरच्या पदाच्या, मग खालच्या. म्हणजे मी काउंटरवर जो गोड आवाज काढतो त्याच्या चार तास आधीच माझा निकाल लागलेला असतो! शेवटच्या क्षणी काही बदलता येतं, पण त्यासाठी दुसऱ्या कुणाची तरी खोली हलवावी लागते, आणि साफसफाईवाल्यांनी ती होकारलेली असावी लागते. कधी कधी हॉटेलं खोल्यांपेक्षा जास्त बुकिंग घेतात, कारण काहीजण येतच नाहीत. त्या रात्री सगळेच आले तर कुणाला तरी दुसऱ्या हॉटेलात पाठवायची पाळी येते. पदवाल्याला शक्यतो पाठवत नाहीत. पाठवतात ते वर्षातून एकदा येणाऱ्याला. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला आलेलं जोडपंसुद्धा असू शकतं ते.

"मग तुम्ही आम्हाला ओळखता कसं गं? हसून नाव घेता ते?" मी विचारलं.

"स्क्रीनवर असतं ना मामा. नाव, किती वेळा आलात, उशी कुठली लागते, लिफ्टपासून लांबची खोली पाहिजे, सगळं लिहिलेलं असतं. मागच्या वेळी भांडला असाल तर तेही असतं."

मी जरा गप्प झालो. माझ्या नावापुढे काय लिहिलं असेल? तिनं काही सांगितलं नाही, दुसऱ्या कंपनीचं हॉटेल पडलं. पण एक सांगितलं. पोरगी नोकरी सोडायच्या विचारात होती. एका पाहुण्यानं हवी ती खोली मिळाली नाही म्हणून सगळ्या लॉबीसमोर तिला फाडून खाल्लं होतं, मी कोण आहे माहीत आहे का म्हणून. तिला माहीत होतं. स्क्रीनवर होतं. रात्रीची पाळी संपवून सकाळी स्वारगेटहून एसटीत बसली ती नसरापूर फाट्यापर्यंत रडत होती म्हणे. हे सांगताना ती मात्र हसत होती. मला नाही हसता आलं. मी तसा कधी ओरडलेलो नाही, पण तो माणूस बोलतो ती भाषा मला समजते. तीन विमानं बदलून रात्री साडेअकराला पोचलेल्या माणसाला खोली नको असते, कुणीतरी आपली वाट बघत होतं असं हवं असतं. खोली हे त्याचं फक्त निमित्त.

आमचं वरवे बुद्रुक पुणे-सातारा हायवेवर. जुना चार नंबर, आता अठ्ठेचाळीस. खेड शिवापूरचा टोलनाका ओलांडला की थोड्या वेळात आम्ही. त्यामुळे लॉयल्टी प्रोग्रॅम काय असतो हे आम्ही मॅरियटचं नाव ऐकायच्या आधीपासून बघतोय. लांब पल्ल्याची गाडी ठरलेल्याच हॉटेलवर का थांबते? कारण ड्रायव्हर-कंडक्टरचं जेवण तिथे फुकट असतं. त्यांना ऑर्डर द्यावी लागत नाही. वेगळ्या टेबलावर बसले की ताट येतं. कुणाला भाकरी, कुणाला चपाती, तिखट कमी का जास्त, पोऱ्याला पाठ. तिकडे पन्नास प्रवासी वड्यासाठी हात वर करून उभे, आणि इकडे खाकी शर्टातला प्लॅटिनम शांतपणे ताक पितोय. मला लहानपणी मोठेपणी ड्रायव्हर व्हायचं होतं ते त्या ताटासाठी. एका अर्थी झालोच म्हणायचं.

त्याहून जुनी गोष्ट त्र्यंबकेश्वरची. वडील गेल्यावर २०११ मध्ये तिथे विधी करायला गेलो होतो. हॉटेल बुक केलं नव्हतं, कारण आई म्हणाली उपाध्यांकडेच उतरायचं असतं. गेलो. त्यांनी माझं नाव विचारलं नाही. आधी गाव विचारलं, मग आडनाव. आतून एक लांबट चोपडी आणली, नामावळीची. पानं उलटत उलटत एका जागी थांबले आणि वही माझ्याकडे फिरवली. वडिलांची सही होती, १९७४ ची, आजोबांच्या अस्थी घेऊन आले होते तेव्हाची. त्याच्या वर आजोबांची नोंद, मोडीत. मला मोडी येत नाही, उपाध्यांनीच वाचून दाखवली. मौजे वरवे बुद्रुक, संस्थान भोर. हे संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं, वहीत मात्र आहे. मग त्यांनी मला पेन दिलं. वडिलांच्या खाली माझं नाव, मुलाचं नाव, तारीख, सही.

खोली साधी होती. सतरंजी, उशी, नळाला पाणी सकाळी तासभर. अपग्रेड वगैरे काही नाही आणि चेकआउट म्हणजे विधी झाले की निघा. पण मी सदतीस वर्षांत तिथे पाऊल ठेवलं नव्हतं आणि माझं कुणी काही रद्द केलं नव्हतं. (उपाध्यांची दक्षिणा मात्र माफक नव्हती, ते मान्य करतो. स्क्रीनवर माझी उशी लिहून ठेवणाऱ्यांना पैसे हवे असतात तसेच ह्यांनाही. फुकट कुणी कुणाला लक्षात ठेवत नाही बहुतेक.)

असो. यंदाचं सांगायचं राहिलं. कंपनीनं दौरे कमी केलेत, निम्मी कामं आता व्हिडिओवर होतात. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात माझ्या सत्तेचाळीस रात्री झाल्या होत्या. तीन कमी. अशा वेळी लोक आपल्याच शहरात हॉटेल घेऊन नुसते झोपून येतात. मला ते करावं लागलं नाही, कारण आईच्या मोतीबिंदूची तारीख नेमकी त्याच आठवड्यात आली. वरवे ते पुणे तीसच किलोमीटर, पण ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी परत दाखवायचं, नवले पुलापाशी गाडी अडकली की डोळ्यांना धूळ... मी तीन रात्रींची खोली घेऊन टाकली. बायको म्हणाली, ऑपरेशन डोळ्याचं आहे की कार्डाचं?

आईला घेऊन आत शिरलो. मी सवयीनं फोन काढून ॲप उघडलं. तेवढ्यात आईनं काउंटरवर दोन्ही कोपरं टेकवली आणि पलीकडच्या पोरीला विचारलं, "कुठली गं तू, बाळा?"

पोरगी गडबडली. मग म्हणाली, "विंझरची, आजी."

"वेल्ह्याकडची! विंझरात कुणाच्यातली?"

पोरीनं सांगितलं. आईनं दोन घरं मागं जाऊन तिच्या आजोळचा पत्ता काढला. तिची मावशी आमच्या नसरापुरात दिलेली निघाली. आईनं त्या मावशीच्या घरची म्हैस विकली की आहे याची चौकशी केली. पोरगी एका हातानं माझं आधार कार्ड स्कॅन करत होती आणि आईकडे बघून सांगत होती, विकली, आता दोन जर्सी घेतल्यात. मग आईनं तिला जेवलीस का विचारलं. दुपारचे तीन वाजले होते, ती जेवली नव्हती. आईच्या पिशवीत दशम्या होत्या. "आजी, इथं नाही चालत," ती हळूच म्हणाली. आईनं फडक्यात बांधून चार दशम्या काउंटरच्या कडेनं आत सरकवल्याच.

माझ्या मागे एक गृहस्थ उभे होते. हातातला फोन त्यांनी काउंटरच्या दिशेनं फिरवून धरला होता. मी त्यांना म्हटलं, होईल पाच मिनिटांत, आता फक्त धाकट्या मावशीचं विचारायचं राहिलंय.